मूळ संहिता आणि पदरची भर



वसंत व्याख्यानमालेत संगणकावरील खेळांचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु नांदगाव पेठेतील अनेक घरांत हा विषय आमच्या आधीच पोचला आहे. मुलगा रात्री जागत बसतो. विचारले तर म्हणतो, ‘खेळत नाही, खेळ दुरुस्त करतो आहे.’ हे उत्तर पुष्कळदा खरे असते. ही दुरुस्ती म्हणजे काय, एवढेच आज पाहू.

काही खेळांत ठरलेली वाट नसते. विस्तीर्ण मुलूख असतो. खेळणारा एखादे पात्र होऊन मनास येईल तिकडे फिरतो. अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेचा ‘स्कायरिम’ हा ११ नोव्हेंबर २०११ रोजी निघालेला असाच खेळ. फेब्रुवारी २०१२ मध्ये संस्थेने खेळ रचण्याचे साधन लोकांना मोफत दिले. हौशी लोकांनी नवी गावे, नवी पात्रे, राहिलेल्या चुकांची दुरुस्ती अशी भर घातली. या भरीस ‘मॉड’ म्हणतात.

आपल्याकडे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये, असे बजावले. भर घालणे हा दोष नव्हे. मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळेनासे होणे हा दोष. जाणते लोक खेळातही हेच पथ्य पाळतात. ‘मॉड ऑर्गनायझर’ हे साधन प्रत्येक मॉड निराळ्या फोल्डरात ठेवते. खेळाला मात्र सर्व एकत्र असल्यासारखे दिसते. मूळ शाबूत राहते, म्हणून चूक परत फिरवता येते.

तरी खेळ बंद पडतोच. का? कारणे थोडी आणि ठरावीक आहेत. एक मॉड दुसऱ्याच्या आधारावर उभा असतो. तो आधार नसेल तर खेळ सुरू होतानाच कोसळतो. दोन मॉड एकाच नोंदीत बदल करतात, तेव्हा जो शेवटी वाचला जातो त्याचे चालते. म्हणून क्रम महत्त्वाचा. वस्तू जांभळी दिसली, तर तिच्यावरचे चित्र सापडलेले नाही. मूळ खेळाची आवृत्ती बदलली, तर तिच्याशी घट्ट बांधलेले मॉड निकामी होतात. नोव्हेंबर २०२१ च्या नव्या आवृत्तीनंतर पुष्कळांना हा अनुभव आला. आणि खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढला, तर त्याचे अवशेष साठवलेल्या डावात राहतात.

दोषी मॉड शोधण्याची युक्तीही साधी आहे. ६४ मॉड असतील, तर निम्मे बंद करावेत. मात्र परस्परांवर अवलंबून असलेले एकत्र ठेवावेत. बिघाड ज्या निम्म्यात उरेल, त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. दोष एकाच मॉडमध्ये असेल, तर सुमारे सहा फेऱ्यांत तो हाती लागतो. एकेक तपासत बसलो, तर ६३ फेऱ्याही लागतील.

याचा आपणांस काय उपयोग? येथील औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या कारखान्यात यंत्र अडले, तर जाणता कारागीर हेच करतो: मूळ स्थिती लिहून ठेवतो, एका वेळी एकच बदल करतो, परिणाम पाहतो. जो मुलगा मिळेल ते मॉड कोंबतो आणि बिघडले की सर्व पुसून टाकतो, त्याचे जागरण खरोखर वाया जाते. जो कारण शोधतो, सूचना वाचतो, आणि दुसऱ्याचे काम वापरताना त्याची परवानगी घेऊन नाव सांगतो, त्याच्या हाती एक विद्या लागत असते. या दोघांतला फरक घरच्या वडीलधाऱ्यांनी ओळखावा, आणि झोपेची वेळही ठरवून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.