अडतो तो पडदा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



शाळेच्या संगणकावर पाठासाठी एखादे चित्र शोधीत असता पडदा अकस्मात भरून जावा, भोंगा वाजू लागावा, "संगणकात विषाणू शिरला आहे, यंत्र बंद करू नका, ह्या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा" असा मजकूर झळकावा, आणि चौकट मिटवू जाता तीच पुन्हा समोर यावी, असा प्रसंग कोणत्याही शाळेवर येऊ शकतो. अशा वेळी कळफलकापाशी बहुधा एखादा विद्यार्थी बसलेला असतो. आपल्या हातून शाळेचे यंत्र बिघडले, ह्या भीतीने त्याचा चेहरा उतरतो. शिक्षकही घाबरले आणि तो क्रमांक त्यांनी फिरविला, तर खरे संकट तेथून सुरू होते.

वस्तुतः यंत्र मुळीच अडलेले नसते. अडलेला असतो तो ब्राउझर, आणि त्यालाही अडविणारे असते एकच पान. पान पाहणाऱ्याने कोठे तरी टिचकी मारली की त्या निमित्ताने ते सबंध पडदा व्यापते. मग वरच्या कोपऱ्यात दिसणारी फुली ही पुष्कळदा खरी फुली नसतेच. ते नुसते चित्र असते. सूचनेची चौकट मिटताच दुसरी उघडावी, एवढी आज्ञा पानात लिहून ठेवलेली असते. ही युक्ती किती क्षुल्लक आहे पाहा. जपानमध्ये २०१९ साली एका १३ वर्षांच्या मुलीने अशाच न मिटणाऱ्या चौकटीच्या पानाचा दुवा थट्टेने इतरांपुढे ठेवला, म्हणून ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी तिला समज दिली होती. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी पोलिसांनी धावावे काय, म्हणून तेथे टीकाही पुष्कळ झाली. मुलांच्या थट्टेला पुरणारी ही युक्ती भामट्यांच्या हाती पडली, एवढाच फरक.

सुटकेचा मार्ग असा. पडद्यावरील कोणत्याही बटणाला हात लावू नये, 'रद्द करा' असे लिहिलेल्या बटणालाही नाही. प्रथम एस्केप ही कळ दोन-तीन सेकंद दाबून धरावी. नुसती टिचकी पुरत नाही. पडदा आकसला की कंट्रोल व डब्ल्यू ह्या कळांनी ते पान, किंवा ऑल्ट व एफ-४ ह्या कळांनी सबंध ब्राउझर मिटवावा. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ब्राउझरचे नाव निवडून 'एंड टास्क' करावे. तेही न साधल्यास कंट्रोल, ऑल्ट व डिलीट ह्या कळा आहेतच. त्या विंडोजने स्वतःकडे राखून ठेवल्या असल्यामुळे कोणत्याही पानास त्या अडविता येत नाहीत. वीजेचे बटण दाबून धरणे हा शेवटचा उपाय. त्यात न साठविलेले काम जाते. भ्रमणध्वनीवर किंवा टॅबलेटवर चालू ॲपांच्या यादीतून ब्राउझर बाहेर सारला की बहुधा काम भागते.

एक चूक मात्र अनेकांकडून होते. ब्राउझर पुन्हा उघडताच 'मागील पाने परत आणू काय?' असे तो विचारतो. होकार दिला की तोच भोंगा पुन्हा! तेथे नकारच द्यावा. ब्राउझर न विचारताच जुनी पाने उघडीत असेल तर आधी जाळ्याची जोडणी तोडावी, मग ते पान मिटवावे.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनीचा क्रमांक कधीही नसतो, हे प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे. क्रमांक फिरविणाऱ्यास पलीकडचा गृहस्थ अदबीने बोलून यंत्राचा ताबा देणारी आज्ञावली बसवावयास सांगतो, आणि मग बँकेच्या खात्यापर्यंत पोचतो. कोणाकडून असे घडलेच असेल तर लाजेपोटी लपवू नये. जाळ्याची जोडणी तोडावी, दुसऱ्या यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावेत, बँकेस कळवावे आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. येथे विलंब महाग पडतो.

राहता राहिला तो विद्यार्थी. त्याला रागावले तर पुढच्या वेळी तो कोणास सांगणार नाही. एकटाच काही तरी दाबून पाहील. म्हणून पाचवीपासून पुढच्या वर्गांत एका तासाला हा सराव घ्यावा: नोटपॅड उघडावयाचे, ते उंदीर न वापरता ऑल्ट व एफ-४ ने मिटवावयाचे, पुन्हा उघडून टास्क मॅनेजरमधून बंद करावयाचे. प्रत्येक मुलाचा हात त्या कळांवरून दोन वेळा तरी फिरला पाहिजे, आणि पहिला क्रमांक शिक्षकांनी स्वतः लावावा.