जंगलाचे वजन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी रीत आहे. ते महत्त्व पटले नसते तर आपण पालक मंडळी कामधंदा टाकून येथे आलाच नसता. म्हणून मी ते पुन्हा सांगत नाही. मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक होतो. माझ्या विषयातील एकच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. जंगलाचे वजन कसे करतात, आणि ते वर्षभरात किती वाढले हे कसे ओळखतात? प्रश्न पोरखेळासारखा वाटेल. पण आज जगातले मोठमोठे हिशेब त्याच्या उत्तरावर उभे आहेत.

माझे अब्बा लाकडाच्या वखारीत मापाड्याचे काम करीत. ओंडका आला की त्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, ती दोरी चार पदरी करायची म्हणजे घेराचा चौथा भाग मिळतो, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, झाले घनफूट. ही चौथाई घेराची रीत लाकडाच्या व्यापारात रूढ होती. गणिताने पाहिले तर या रीतीने गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळापैकी सुमारे ७८ टक्केच हाती येते. पण देणारा आणि घेणारा एकाच रीतीने मोजत, त्यामुळे तंटा होत नसे. तंटा होई तो दोरी ढिली धरली की घट्ट धरली यावरून. अब्बा म्हणत, "हिशेब वहीत चुकत नाही बेटा, दोरीत चुकतो." पुढे मी जंगलाच्या मोजणीचे ग्रंथ वाचले, तेव्हा त्यात मला अब्बांचीच दोरी पुन्हा भेटली.

प्रथम जैवभार म्हणजे काय ते पाहू. झाडाच्या अंगात पुष्कळ पाणी असते. ते वगळून खोड, फांद्या, पाने आणि मुळे यांचे जे कोरडे वजन उरते, त्याला जैवभार म्हणतात. या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, आणि तो झाडाने हवेतून घेतलेला असतो. म्हणून जंगलाचे वजन कळले की हवेतला किती कार्बन जंगलाने धरून ठेवला आहे हे कळते. जंगल तोडले किंवा जाळले की तोच कार्बन पुन्हा हवेत जातो.

उभ्या झाडाचे वजन करायचा तराजू नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी काही झाडे पाडली, त्यांचे तुकडे वजन केले, नमुने भट्टीत सुकवले आणि पुन्हा वजन केले. मग या वजनाचा झाडाच्या जाडीशी, उंचीशी आणि लाकडाच्या घनतेशी काय संबंध आहे तो शोधला. लाकडाची घनता काय चीज आहे हे वखारवाल्याला सांगावे लागत नाही. सावरीची फळी मूल उचलते, तेवढाच खैराचा तुकडा उचलताना मोठ्या माणसाचीही कंबर वाकते. २०१४ साली फ्रान्सचे जेरोम शाव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी उष्ण कटिबंधातील ५८ ठिकाणच्या ४,००४ पाडलेल्या झाडांची मापे एकत्र करून एक सूत्र प्रसिद्ध केले. आज अनेक ठिकाणी ते वापरले जाते. म्हणजे काही हजार झाडे पाडली गेली, आणि त्यांच्या जोरावर अब्जावधी झाडे न पाडता मोजता येऊ लागली.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण करून दाखवतो. एक झाड घ्या. व्यास ४० सेंटिमीटर, उंची २५ मीटर, लाकडाची घनता ०.६. त्या सूत्राने त्याचे जमिनीवरचे कोरडे वजन सुमारे १,२७० किलो येते. आता हे झाड वर्षभरात ३ मिलिमीटर जाड झाले असे धरू. सावलीतल्या जंगलात ही वाढ काही कमी नव्हे. उंची तीच धरली तर वजन सुमारे १९ किलोंनी वाढले. आता दुसरा हिशेब करा. मोजणाऱ्याने टेप थोडी तिरकी धरली आणि घेर १ सेंटिमीटरने जास्त लिहिला. तेवढ्याने वजनात सुमारे २० किलोंचा फरक पडतो. म्हणजे झाडाने ऊन-पावसात वर्षभर जी कमाई केली, तेवढी मोजणाऱ्याने एका क्षणाच्या निष्काळजीपणात कागदावर वाढवली. झाडाच्या एकूण वजनात २० किलो म्हणजे दीड टक्का. तिथे ही चूक क्षम्य ठरेल. पण वाढ काढताना तीच चूक सगळा हिशेब बुडवते. वजन मोजणे एक वेळ सोपे, वाढ मोजणे फार अवघड, ते यामुळे.

म्हणून मोजणीचे नियम कडक असतात. घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घ्यायचा. उतारावरचे झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरायची. खोडावर वेल चढली असेल तर टेप वेलीखालून घालायची. मोजलेल्या जागी रंगाची रेघ ओढायची, झाडाला क्रमांकाचा पत्रा लावायचा, आणि पुढच्या वेळी त्याच रेघेवर मोजायचे. मोजणीचा महिनाही शक्यतो तोच असावा, कारण उन्हाळ्यात पाणी कमी पडले की खोड किंचित आकसते आणि पावसाळ्यात फुगते.

या कामाचे एक मोठे उदाहरण पनामा देशात आहे. पनामाचा कालवा खणताना चाग्रेस नदीला धरण घातले, गातून सरोवर भरले आणि एका डोंगराचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोरादो. तेथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास १ किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, म्हणजे ५० हेक्टरांचा प्लॉट आखला. त्यातले १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असे प्रत्येक खोड मोजायचे ठरवले. ती संख्या दोन लाखांवर गेली. जाती निघाल्या सुमारे तीनशे. तेव्हापासून साधारण दर पाच वर्षांनी ही शिरगणती होते. पहिल्या दोन वेळी बारीक खोडे ५ मिलिमीटरच्या टप्प्याने मोजली होती. पुढे तेवढे स्थूल माप चालणार नाही हे उमगले आणि मिलिमीटरने मोजू लागले. जुन्या आकड्यांतली उणीव त्यांनी लपवली नाही, नोंदीत लिहून ठेवली. त्या आकड्यांवरून २००३ साली हिशेब निघाला की तेथे एका हेक्टरावर सुमारे २८० टन जैवभार उभा आहे, आणि पंधरा वर्षांत त्यात वाढ आणि घट जवळजवळ बरोबरीची झाली.

घट कशी, असे कोणी विचारील. जंगलात दरवर्षी शंभरातली एक-दोन झाडे मरतात. झाड वाढते ते गुंजेगुंजेने. पडते ते एका वादळात. एखादा महावृक्ष कोसळला की काही टनांची वजावट एका दिवसात होते. म्हणून लहानसा, डोळ्यांना भरणारा तुकडा निवडून मोजला तर जंगल नुसते वाढतच आहे असे वाटते. जमा तेवढी लिहिली आणि खर्च लिहिलाच नाही, तर कोणत्याही दुकानाचा ताळेबंद उत्तम दिसेल!

आता या शास्त्रात झालेला एक वाद सांगतो. वर्षावनातील पुष्कळ मोठ्या झाडांच्या बुंध्याला चारी बाजूंनी भिंतीसारखी उभी मुळे फुटतात. त्यांना आपण फळीमुळे म्हणू. झाड वाढते तशी ही मुळे खोडावर वर चढत जातात. आज छातीच्या उंचीवर खोड गोल आहे. पंधरा वर्षांनी तेथे फळीमुळे पोहोचली. आता मोजणाऱ्याने त्याच जागी टेप गुंडाळली तर घेर एकदम फुगलेला येतो, आणि झाड भराभर वाढले असे दिसते. टेप वर नेली तर खोड बारीक लागते, आणि झाड आटले असे दिसते. योग्य रीत अशी की मोजण्याची जागा मुळांच्या पुरेशी वर न्यायची, ती हलवताना जुन्या आणि नव्या दोन्ही जागी एकाच वेळी मोजायचे, आणि हलवल्याची नोंद करायची.

१९९८ साली ऑलिव्हर फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्लॉटांचे आकडे मांडून सांगितले की दक्षिण व मध्य अमेरिकेतील जुनी, न तोडलेली जंगलेही वजनाने वाढत आहेत, म्हणजे हवेतला कार्बन शोषून घेत आहेत. ही जगाला दिलासा देणारी बातमी होती. कोस्टा रिकातील जंगलात वर्षानुवर्षे काम केलेल्या डेबोरा क्लार्क यांनी २००२ साली हरकत घेतली. ही वाढ जंगलाची आहे, की फळीमुळांवर टेप गुंडाळल्याची? प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. फिलिप्स यांच्या गटाने आकडे पुन्हा तपासले, शंकास्पद मापे बाजूला काढून पाहिली, आणि वाढ तरीही दिसते असे दाखवले. पुढच्या काळात मोजणीचे नियम अधिक कडक झाले. विद्यार्थ्यांनो, चूक दाखवणाऱ्याला शत्रू मानले नाही तर विद्या कशी पुढे जाते, याचा हा पाठ ध्यानात ठेवा.

हे सोसले म्हणून पुढची गोष्ट कळली. २०१५ साली अ‍ॅमेझॉनमधील ३२१ प्लॉटांचा जवळजवळ तीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. जैवभाराची निव्वळ वाढ १९९० च्या दशकात होती, त्यापेक्षा पुढच्या दशकात एक तृतीयांशाने घटली होती. झाडांच्या वाढीचा वेग पूर्वीसारखा चढत राहिला नव्हता आणि मरणाऱ्या झाडांचे प्रमाण वाढले होते. २०२० साली आफ्रिकेतील २४४ प्लॉटांचा हिशेब आला. तेथील जंगलांनी तीन दशके आपले काम स्थिरपणे केले होते. पण अलीकडच्या वर्षांत तेथेही मरणारी झाडे वाढू लागल्याच्या खुणा होत्या. आपण धूर सोडावा आणि जंगलाने तो निमूटपणे गिळावा, हा व्यवहार कायम चालेल असे समजू नये, असा इशारा त्या आकड्यांत आहे. एखाद्या टोळीने मध्येच कंटाळून अंदाजाने आकडे भरले असते, तर हा इशारा आपल्याला मिळालाच नसता.

कोणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, टेप कशाला? उपग्रह आहेत खरे. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेने खास जंगलाच्या वजनासाठी 'बायोमास' नावाचा उपग्रह सोडला. त्याच्या रडारची लहर सुमारे ७० सेंटिमीटर लांब असल्याने ती पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत जाते. ३० जुलै २०२५ रोजी आपल्या श्रीहरिकोट्याहून भारत आणि अमेरिका यांचा 'निसार' उपग्रह गेला; जंगलांतील बदल टिपणे हे त्याच्याही कामांपैकी एक आहे. पण उपग्रहाला किलो कळत नाहीत. त्याला कळतो परत आलेला संकेत. त्या संकेताचे किलो करायचे तर जमिनीवर कोणीतरी मोजलेले खरे झाड लागतेच. आकाशातला तराजूही अखेर जमिनीवरच्या टेपशी जुळवून पाहावा लागतो.

हे काम आपल्या देशातही चालते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तमिळनाडूतील मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलात ५० हेक्टरांचा प्लॉट आखला. त्याच सुमारास पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने कर्नाटकात कोडगूतील उप्पंगळा येथे सदाहरित वनाची मोजणी सुरू केली. तो पश्चिम घाट म्हणजे आपलाच सह्याद्री. आंबोलीच्या पावसात भिजलेल्या मुलाला वर्षावन ही परक्या मुलुखाची गोष्ट वाटायला नको.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी झाडे मोजायचे शिक्षण घेईन म्हणाली, तर "यात काय ठेवले आहे?" म्हणून तिला गप्प बसवू नका. या शास्त्राला वनस्पतिशास्त्र लागते, संख्याशास्त्र लागते, संगणक लागतो, आणि त्याहून अधिक इमानदारी लागते. जंगलाच्या आत आकडा लिहिताना मागे उभा राहून पाहणारा कोणी नसतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या शाळेच्या आवारातले एक झाड निवडा. १.३ मीटर उंचीवर रंगाची रेघ ओढा. दरवर्षी याच महिन्यात त्याच रेघेवर टेप धरा, एकाने मोजा, दुसऱ्याने पुन्हा मोजा, आणि तारखेसह वहीत लिहा. आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी आला तर तो तसाच लिहा, खोडू नका. दहावी झाली की ती वही खालच्या वर्गाच्या हाती द्या. एका वर्षात तुम्हाला फारसे काही दिसणार नाही. वीस वर्षांनी तुमच्यापैकी कोणी आपल्या मुलाचे बोट धरून येथे येईल आणि वहीत आपल्या हातचा आकडा पाहील. तो आकडा खरा असावा, एवढीच माझी इच्छा.