समाईक दुःख आणि घरातले दुःख
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



शरीर आजारी पडले तर माणूस चार जणांना सांगतो. मन आजारी पडले तर घराची दारे लावून घेतो. ही रीत सर्वत्र आढळत असली तरी ती अटळ नाही. याचे प्रमाण आपल्याच परिसरात आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे निजली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारी, तसेच निलंगा व उमरगा तालुक्यांतील कित्येक गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. शासकीय मोजणीप्रमाणे साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. जे वाचले त्यांना छताखाली झोपण्याचे धैर्य होईना. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी भूकंपग्रस्तांची तपासणी केली. तिचा अहवाल १९९६ साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना मानसिक विकार जडल्याचे त्यात नोंदविले आहे. या माणसांना कोणी वेडे म्हटले नाही. झोप उडणे, दचकणे, अन्न नकोसे होणे, हे त्या प्रसंगी स्वाभाविक मानले गेले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास नेली व त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. तेव्हाही त्या मुलांच्या मनावरील आघाताची भीती कोणाला वाटली नाही. वाटली ती करुणा.

हेच दुःख भूकंपावाचून एखाद्या घरात आले म्हणजे मात्र भाषा पालटते. ‘बाहेरचे आहे’, ‘डोक्यात फरक पडला’, ‘याला येरवड्यास धाडा’ असे शब्द निघतात. येरवडा हे मराठीत थट्टेचे नाव झाले, यामागे एक कारण असेही दिसते की राज्यातील चारही जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे होती. मराठवाड्यात एकही नव्हते. जो उपचार शेकडो कोस दूर असतो, त्याविषयी माहिती थोडी आणि दंतकथा फार. मग जवळचा मांत्रिक गाठला जातो. रुग्णाला साखळदंडाने बांधणे, धुरी देणे, मारहाण करणे हे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरले आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ रुग्णांचा होरपळून मृत्यू झाला. श्रद्धेने आणून सोडलेली ती माणसे होती, हे विसरता येत नाही.

अन्य समाजांची रीत पाहू. बेल्जियममधील खेल या गावी मध्ययुगापासून मनोरुग्णांना सामान्य कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. आरंभ धार्मिक यात्रेतून झाला. रुग्ण संत डिम्फना यांच्या चर्चमध्ये येत, जागा अपुरी पडे, म्हणून गावकरी त्यांना घरी नेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा पाहुण्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती. तेथील मुले त्यांच्यासोबतच वाढत, त्यामुळे भय उरत नसे. अंगणात रोज दिसणाऱ्या माणसाची दंतकथा होत नाही.

जपानची गोष्ट वेगळी. तेथे स्किझोफ्रेनियाच्या जुन्या नावाचा अर्थ ‘मन फाटल्याचा रोग’ असा होई आणि ते नाव रुग्णाला सांगण्यास डॉक्टरही कचरत. रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनेने आग्रह धरला व २००२ साली नाव बदलण्यात आले. त्यानंतर रुग्णाला आपला आजार सांगितला जाण्याचे प्रमाण लवकरच वाढले. आपल्याकडील ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही त्याच जातीचा आहे. ज्यांनी २००४ सालचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट पाहिला असेल, त्यांना या आजाराने घर कसे गांजते याची कल्पना असेल.

जैन परंपरेत इष्टवियोगाने होणाऱ्या चिंतेला आर्तध्यानाचा एक प्रकार म्हटले आहे, म्हणजे मनाच्या या अवस्थेला आपल्याकडे फार पूर्वीच नाव मिळाले होते. तरीही घरात कोणी अंथरुणास खिळून मुके झाले की ‘पूर्वकर्माचा उदय’ म्हणून विषय मिटविला जातो. तापाच्या वेळी कोणी कर्माकडे बोट दाखवून औषध थांबवीत नाही. खरी भीती कर्माची नसते, स्थळाची असते. मुलीचे किंवा धाकट्या भावाचे लग्न मोडेल ही. ही भीती खोटी आहे असे म्हणता येणार नाही, कारण स्थळे मोडतात. ती मोडणारे मात्र आपल्यातलेच असतात.

कायदा एव्हाना पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास, उलट काही सिद्ध झाल्याशिवाय, तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासकीय विनामूल्य सेवा आहे; ती मराठीतही मिळते व नाव सांगण्याची सक्ती नाही.

औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. नेत्रशिबिरे होतात, रक्तदान होते, त्यांचे फलकही लागतात. मनाच्या औषधांना मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, खर्च लागतो. तो खर्च सोसूनही कित्येक कुटुंबे ही औषधे गावातल्या दुकानातून घेत नाहीत. लातूरला किंवा सोलापूरला जाऊन आणतात, पुडी दुसऱ्या पिशवीत घालतात, आणि एस.टी.त कोणी ओळखीचा भेटला तर ‘सहज गेलो होतो’ असे सांगतात.