चढाईपटू निवडताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'दहा मिनिटं, कबड्डीवर' एवढंच सांगितलं. गेली कित्येक वर्षं मी आपल्या छत्रपती संभाजीनगरात शाळेच्या मुलांना कबड्डी शिकवतो, निवड चाचण्यांना बसतो. आपली तुकडी शाळेला कबड्डीची मॅट देणार आहे, म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो: संघासाठी चढाईपटू निवडायचा कसा?

प्रो कबड्डीचा लिलाव तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरला राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. पवनने त्या हंगामात चढाईचे दोनशेहून जास्त गुण कमावले. म्हणजे पैसे वसूल! पण टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि तळाला राहिले.

असं का होतं, ते खेळाच्या नियमातच आहे. बाद झालेला गडी बाहेर बसतो. समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. कितीही मोठा चढाईपटू असला तरी तो कधी ना कधी बाद होणारच. तो किती लवकर परत येईल, हे मागे पकडी करणाऱ्या साथीदारांवर ठरतं. कोपरे आणि कव्हर कच्चे असले की अडीच कोटींचा माणूस बाकावर बसून टाळ्या वाजवतो.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून खेळला. किंमत ३६ लाख ४० हजार, चढाईचे गुण २१८. कोपऱ्यात कर्णधार फझल अत्राचली उभा होता. संघ बाद फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. गुण किती? २१७. माणूस तोच, गुण जवळपास तेवढेच. पण संघ बारा जणांत अकरावा. सिद्धार्थ कुठेच कमी पडला नव्हता. त्याच्या मागची भिंत बदलली होती.

आता उलटी बाजू. पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले ते मोहम्मदरझा शादलुई या इराणी बचावपटूसाठी. चढाईला होते अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते. नवोदित म्हणून आलेली आणि याच संघात वाढलेली ही पोरं. अस्लम तर शेजारच्या नगर जिल्ह्यातला. एक बाद झाला की दुसरा तयार, आणि शादलुईने हंगामात पकडीचे ९९ गुण घेऊन बाहेर बसलेल्यांना आत आणलं. १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

चढाईपटूंचेही प्रकार असतात. बोनस घेण्यात हुशार असलेला गडी सुरुवातीला सोनं. पण समोर सहापेक्षा कमी उरले की बोनस बंद, आणि त्याचं अर्धं हत्यार म्यान. डुबकी मारणाऱ्याला अंगावर येणारी साखळी लागते. उंच, लांब हाताचा मुलगा दुरून स्पर्श करून पळतो. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो; तिथे थंड डोक्याचा लागतो, मग तो एरवी कुणाच्या नजरेत भरत नसला तरी चालेल. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे आधी पाहायचं.

शाळेच्या चाचण्यांत मात्र वेगळंच चालतं. मुलं एकेक करून चढाई करतात, जास्त गडी मारणारे बारा जण निवडले जातात. संघात बाराही चढाईपटू! घोटा धरायला कुणीच नाही. डावा कोपरा चोख सांभाळणारा आठवीतला पोरगा तोवर दप्तर उचलून घरी गेलेला असतो. घरी विचारलं की तो एवढंच सांगतो, "मला येत नाही म्हणाले." त्याला येत असतं. त्याला जे येतं ते कुणी पाहिलेलं नसतं. अशी कितीतरी मुलं पुन्हा मैदानावर येत नाहीत. संघ हरतो तेव्हा एक चषक जातो. हा पोरगा गेला की एक खेळाडू जातो, आणि कधी कधी त्याचा स्वतःवरचा विश्वासही.

म्हणून मॅटसोबत माझी एक विनंती शाळेपर्यंत जावी. चाचणी सात विरुद्ध सात अशी खेळवून घ्यावी, म्हणजे पकडणाराही दिसेल. आणि जो निवडला गेला नाही, त्याला सरांनी एका वाक्यात कारण सांगावं: "आपल्याकडे उजवे चढाईपटू तीन आहेत, तू कोपरा शिकून ये." याला पैसे लागत नाहीत, आणि मुलाला उद्या काय करायचं ते कळतं.

इथे बसलेल्या शिक्षकांना हे नवीन नाही. कुणाला फळ्यासमोर उभं करायचं, कुणाला गॅदरिंगचा पडदा ओढायला द्यायचा, हे तुम्ही नेमकं जाणत होतात. तीच नजर मैदानावर हवी. मॅटची वर्गणी ज्यांची राहिली आहे, त्यांनी जेवणाआधी खजिनदारांना भेटावं.