अंकांच्या आधी आकार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाणी, हळदीकुंकू आणि फराळ यांच्या मध्ये गणिताचा विषय काढणे म्हणजे रंगाचा बेरंग, असे कोणास वाटेल. परंतु गणिताची भीती मुलांच्या मनात पुष्कळदा घरीच बसते. "आपल्या घरात कोणालाच गणित येत नाही," असे आपण मुलींच्या देखत सहज बोलून जातो. आणि पुढे काय शिकायचे हे तीच मुलगी त्या भीतीवरून ठरवते. म्हणून मूल तीन-चार वर्षांचे असतानाच आपल्याला काय करता येईल, एवढेच आज सांगते.

शंभरापर्यंत अंक म्हणून दाखवणे म्हणजे गणित नव्हे. वस्तू नीट पाहावी, दुसरीशी ताडून पाहावी आणि "असे का?" याचे कारण शोधावे, हा गणिताचा पाया. लहान मुलाला त्यासाठी सर्वांत जवळचा असतो तो आकार.

हा विचार जुनाच आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली बालशाळा काढली, तेव्हा मुलांच्या हाती चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, ते खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तू घेऊन. आणि आपल्या वर्ध्याला तर ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. सेवाग्रामची टकळीच पाहा. चकतीच्या बरोबर मध्यातून दांडी गेली नाही, तर टकळी डगमगते आणि सूत तुटते. वर्तुळाचा काठ मध्यापासून सगळीकडे सारख्या अंतरावर असतो, हे मुलाच्या हाताला व्याख्येच्या आधीच कळते.

आता टकळी घरोघरी नाही. पण तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. मुलाला विचारा, "बैलाची चाके चौकोनी असती तर?" उत्तर आपण सांगू नये. रिकामी काडेपेटी आणि दोऱ्याचे रीळ त्याच्या हाती द्यावे. कोणते घरंगळते आणि कोणते अडते, ते त्याचे तोच पाहील.

मी बरीच वर्षे बालवाडीत काढली. पुठ्ठ्याचा त्रिकोण पाटावर ठेवला की मुले ओळखत, तोच टोक खाली करून ठेवला की म्हणत, "बाई, हा त्रिकोण नाही, उलटा आहे!" चौकोन तिरका केला की त्याचे शंकरपाळे होई, चौकोन राहत नसे. यात मुलांचा दोष नाही. चित्रांत त्रिकोण नेहमी एकाच ढंगाने बसलेला असतो. अशा वेळी "चुकलास" म्हणू नये. "याचे कोपरे मोज. आता फिरव. एखादा कमी झाला का?" एवढेच विचारावे. मूल मोजते, थबकते आणि हसते. त्या थबकण्यात गणित आहे, भगिनींनो.

आकाराचे नाव पाठ करून घेण्याची घाई नको. "कसे ओळखलेस?" हा प्रश्न अधिक मोलाचा. चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, त्रिकोण होईल. तो मधोमध पुन्हा दुमडा. आकार तसाच, फक्त लहान. तिसऱ्या घडीला काय होईल, हे मुलाला आधी सांगू द्या, मग घडी घाला. रांगोळीत चार ओळी, प्रत्येकीत चार ठिपके. सगळे मिळून किती? अर्धे फूल आपण काढावे, उरलेले अर्धे मुलाने पुरे करावे.

आपल्यापैकी कित्येकींची शाळा लवकर सुटली. पण ठिपके न चुकता मांडणाऱ्या आणि कापड वाया न घालवता झबले बेतणाऱ्या बाईला गणित येत नाही, असे कोण म्हणेल? ते मुलांशी बोलत बोलत करावे, एवढेच.

शेवटी एक सूचना. पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने पुठ्ठ्याचे पाच-सात तुकडे कापून आणावेत: त्रिकोण निमुळते, बसके, लहान, मोठे, चौकोनही तसेच. त्यांची एक पेटी करून आपण जवळच्या अंगणवाडीला देऊ. पैसा लागणार नाही. कात्री मात्र चांगली धारेची आणा.