नॉर्मनच्या आईची बाजू

भयपट म्हटला की आपल्याला आधी भूत आठवतं. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’त भूत नाही. आडरस्त्यावरचं मोटेल, मागे टेकडीवर घर, नॉर्मन बेट्स नावाचा लाजरा तरुण आणि त्याची आई. एवढ्यावर तो चित्रपट आजही माझी झोप उडवतो.

मालकाचे ४०,००० डॉलर घेऊन पळालेली मॅरियन पावसाळी रात्री तिथं उतरते. आपण तिच्यात गुंततो आणि पाऊण तास होतो न होतो तोच न्हाणीघरात तिचा खून होतो. चित्रपट कृष्णधवल, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. भराभर बदलणारी दृश्यं आणि बर्नार्ड हर्मन यांच्या व्हायोलिनच्या किंकाळ्या. उरलेलं आपलं मनच रंगवतं.

१९९८ साली गस व्हॅन सँट यांनी हाच चित्रपट रंगीत केला. जोसेफ स्टेफानो यांची पटकथा तीच, संगीत तेच, कॅमेऱ्याच्या जागाही बहुतेक त्याच. चोरीची रक्कम तेवढी ४ लाख झाली. दोन्ही पाहून माझी मुलगी म्हणाली, “अब्बा, सगळं तेच आहे, मग भीती का वाटत नाही?”

मला मुशायरा आठवला. शेर तोच, पण दुसऱ्याच्या गळ्यातून आला की पडतो. अँथनी पर्किन्सचा नॉर्मन अडखळत बोलतो, गोळ्या चघळतो, कुणाच्याही घरचा शहाणा मुलगा वाटतो. व्हिन्स व्हॉनच्या नॉर्मनवर पहिल्या भेटीतच संशय येतो. शब्दांची नक्कल होते, शब्दांमधल्या थांबण्याची होत नाही.

पूर्वकथांचं प्रकरण वेगळं. १९९० च्या ‘सायको ४’मध्ये खुद्द स्टेफानो यांनी नॉर्मनचं बालपण लिहिलं. पुढे २०१३ ते २०१७ या काळात ‘बेट्स मोटेल’ या मालिकेचे ५० भाग झाले. मूळ चित्रपटात आई म्हणजे एक आवाज आणि खिडकीतली सावली. मालिकेत वेरा फार्मिगा तिला हाडामांसाची बाई करते. मुलावर जीव टाकणारी, त्याला गुदमरवणारी, स्वतःही खूप सोसलेली.

तिची कीव येऊ लागली की भीती ओसरते. मला आधी हा तोटाच वाटला. पण मग मूळ चित्रपटाचा शेवट आठवला. एक डॉक्टर सगळा उलगडा करतो आणि त्या बाईला चिवट, हट्टी ठरवून मोकळा होतो. तिच्याबद्दल जे कळतं ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडून. आपल्या भीतीसाठी तिचं गप्प राहणं गरजेचं होतं.

म्हणून मुलीला सांगितलं, घाबरायचं असेल तर हिचकॉकच पाहा. पण पाहून झाल्यावर त्या बाईचंही एकदा ऐकून घे.