मांडवामागची माणसे



तुळजापूर तालुक्यातले अणदूर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव. इथला खंडोबा वर्षाचे बहुतेक महिने अणदुरात असतो आणि उरलेले दिवस नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावांचे मानकरी बसून रीतसर लेखी करार करतात. नुसत्या येळकोटाने देव हलत नाही बरे!

जागरणाचेही तसेच आहे. वाघ्या-मुरळीचे गाणे आपण ऐकतो. तुणतुणे, दिमडी, घाटी यांचे नाद कानांत घेऊन घरी येतो. पण दिवटीत तेल कोण घालीत होते, हे आठवते का कुणाला? आणि ती हलगी! मार्गशीर्षातल्या थंडीत दव पडले की तिचे कातडे सैल पडते, आवाज बद्द येतो. मग ती जाळावर शेकावी लागते. कमी शेकली तर बोलत नाही, जास्त तापली तर फाटते. तो जाळ बेताचा ठेवणारा पोरगा वाजवणाऱ्यांच्या रांगेत कधी दिसत नाही. पण त्याला डुलकी लागली, की पालखीपुढचा ठेका गेलाच म्हणून समजा.

आता याच थंडीच्या दिवसांत, डिसेंबरात, पुण्याला भरणाऱ्या एका मोठ्या उत्सवाकडे वळू. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, 1952 साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 पासून हा संगीतोत्सव चालवला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. 2011 साली भीमसेन गेले, आणि आता उत्सवाच्या नावात गुरु-शिष्य दोघेही आहेत. कुंदगोळला गुरूच्या घरी भीमसेनांनी पाणी भरले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. गवयाने घागर उचलली म्हणून त्याचा गळा काही लहान झाला नाही.

अशा उत्सवात हजारो माणसे बसतात. त्यांना दिसतो तो गवई. पडद्याआड मात्र तंबोरे सांभाळणारा कुणीतरी असतो. तंबोरा हा भारी नाजूक जिन्नस. एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने भोपळा असा धरून तो उचलायचा, गवसणीत ठेवायचा, कुठे टेकवून विसरायचा नाही. भोपळ्याला तडा गेला की संपले. हवा बदलली की तारा हलतात, म्हणून गायक येण्याआधी ते पुन्हा लावावे लागतात. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी बडबड करू नये, हे पाहणे हेही एक काम आहे. आणि पाहायला गेले तर तेच अवघड!

दुसरा माणूस घड्याळवाला. पूर्वी इथे रात्र-रात्र गाणे चाले. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्या जागी रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, ठराविक दिवशीच बारापर्यंत मुभा. म्हणजे दुपारच्या गायकाने पंधरा मिनिटे जास्त घेतली, तर ती शेवटच्या गायकाच्या ताटातली जातात. बुजुर्ग कलावंताला "आता आवरते घ्या" हे कसे सुचवायचे? तेही अदबीने, रंगाचा भंग न करता. हे पुस्तकात सापडत नाही.

म्हणून गुरुजी, तुम्हांला एक सांगावेसे वाटते. गावात भजनाची बारी असो की शाळेचे गायन, आपण वीस मुलांना बिल्ले लावतो आणि "स्वयंसेवक" म्हणतो. ती मुले काय करतात? सतरंज्या ओढतात आणि मग दोरीपाशी उभी राहून लहान पोरांवर ओरडतात! त्यापेक्षा एकेकाला एकच काम नेमून द्या. एकाकडे पेटीची ने-आण आणि तिच्यावरचे आच्छादन. एकाकडे तबल्याची हातोडी अन् पावडर. एकाने पिण्याचे पाणी पाहावे. तेही कोमट, गाणाऱ्याला गार चालत नाही. मुलींनाही यात घ्या. त्यांना फक्त रांगोळी आणि ओवाळणीपुरते बोलावू नका.

आणखी एक. आत राबणाऱ्याच्या कानी गाणे तुकड्या-तुकड्यांनी पडते. ऐन रंगात कुणीतरी हाक मारतो, "अरे, ती बत्ती बघ!" हा तोटा खरा आहे, तो गोड बोलून झाकू नये. त्याला पाळ्या लावा. जो पहिल्या बारीला पाणी पाहील, तो दुसऱ्या बारीला पुढच्या सतरंजीवर बसेल, आणि त्या वेळी त्याला कुणी उठवायचे नाही. हे आधीच पोरांसमोर बोलून ठेवा, फळ्यावर नावे लिहून टाका. हलगी शेकणाऱ्या पोरालाही घटकाभर जाळापासून उठवून पालखीपुढे उभे करा. तेवढा वेळ जाळापाशी कुणीतरी मोठ्याने बसावे.